विषय: कोचने ट्रान्सक्रिप्ट मागितलंय, उद्यापर्यंत हवंय

नमस्कार मंडळी,
लेकाचं ज्युनियर इयर (अकरावी) संपलं. तो ज्या सॉकरच्या आयडी कॅम्पला (कोच खेळाडू हेरतात तो कॅम्प) गेला होता, तिथल्या कॉलेज कोचचा आज मेल आलाय, प्री-रीडसाठी (कागद आधी बघून घेण्यासाठी) ट्रान्सक्रिप्ट म्हणजे शाळेचे मार्क, एसएटी आणि सिनियर इयरचे विषय उद्या रात्रीपर्यंत पाठवा म्हणून. कॉलेज छोटं, डी-थ्री, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या डिव्हिजनचं. खेळाची स्कॉलरशिप नाही, त्यामुळे ह्यांचं म्हणणं, कशाला त्या भानगडीत पडायचं. ज्यांची मुलगी गेल्या वर्षी गेली त्या ताईंनी प्लीज सांगा.

----

वहिनी, आजच पाठवा. डी-थ्रीत खेळाचे पैसे कुठेच नसतात, एनसीएए म्हणजे कॉलेज खेळांची संघटना, तिचा नियमच आहे. पण उत्पन्नावर आणि मार्कांवर मिळणारी मदत मिळते, आमच्या हिला मिळालीये. कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर आहे, मदत वजा जाता खर्च किती ते सांगतो, भाऊजींना आकडे भरून बघायला सांगा. आणि प्री-रीड म्हणजे अ‍ॅडमिशन नव्हे हं, अ‍ॅडमिशनवाले कागद बघून कोचला नुसता अंदाज देतात. त्यानंतर मुलाने स्वतः विचारायचं, अर्ली डिसिजनला (लवकरचा अर्ज, प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं) अर्ज केला तर तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकाल का? आपण नाही विचारायचं. हिच्याशी एक कोच उन्हाळाभर गोड बोलला आणि सप्टेंबरात कळलं की त्याने दोन गोलकीपर आधीच घेतल्यात. खूप रडली पोरगी.

----

डी-टू किंवा एनएआयए (कॉलेज खेळांची दुसरी संघटना) का नाही बघत? तिथे मिळतात की पैसे.

----

काका, मिळतात पण वाटून, डी-टूत मुलांच्या अख्ख्या टीमला मिळून ९ स्कॉलरशिपा. आणि डी-थ्री म्हणजे कच्चा लिंबू नाही. टफ्ट्स युनिव्हर्सिटीची मुलं २०१४, २०१६, २०१८, २०१९ ला चॅम्पियन होती. २०२२ ला युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, कोच ज्युलियान सिच, मुलांच्या टीमला एनसीएए सॉकरचं टायटल मिळवून देणारी पहिली बाई!

----

कॉलेजचे प्रश्न कृपया युवा समितीच्या लिस्टवर टाका. ऑक्टोबरात आपलं सत्र आहेच.

----

ऑक्टोबरात काय उपयोग? अर्ली डिसिजनची मुदत बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरात, कोचच्या याद्या तोवर भरलेल्या असतात. सत्र मे महिन्यात घ्या, हॉल मी मिळवून देते. आणि वहिनी, सीझन ऑगस्टअखेर सुरू होतो, कॉलेजला गेला की गणपतीत तबल्याला तो नसणार, दुसरं कोणी बघून ठेवायला हवं.

----

पाठवलं, मेल त्यानेच लिहिला. तबल्याचं पुढच्या वर्षी बघू. पण ताई, अर्ली डिसिजन बाइंडिंग ना, मग मदतीचा आकडा आधी कळतो का?

----

मागितला तर बरीच कॉलेजं अंदाज आधी देतात. टॅक्स रिटर्न काढून ठेवा, रात्री फोन करते.