अमेरिकेतल्या पब्लिक हायस्कूलमध्ये मुलाचा फोन तपासला आणि सस्पेंडही केलं, शाळेला असं करता येतं का?

काळजीतली_आई

नमस्कार मंडळी, इथल्या बऱ्याच जणांची मुलं पब्लिक स्कूलमधून शिकून बाहेर पडलीत म्हणून विचारतेय. मुलगा सोफोमोर आहे, म्हणजे दहावीत. लंचच्या वेळी रेस्टरूममध्ये चार-पाच मुलं होती त्यात हाही होता, वेपचा (ई-सिगरेटचा) वास आला म्हणून सगळ्यांना ऑफिसात नेलं. वेप सापडलं दुसऱ्याच्या बॅगेत, याची बॅग खिसे सगळं बघितलं काहीच मिळालं नाही. तरी असिस्टंट प्रिन्सिपलनी याला फोन अनलॉक करायला लावला आणि मेसेजेस वाचत बसले, आमचा घरचा व्हॉट्सॲप ग्रुपसुद्धा उघडला, त्यात सासूबाईंचे हॉस्पिटलचे रिपोर्ट आहेत हो! शाळेतला पोलिस ऑफिसर तेव्हा दारातच उभा. मग कोरा कागद पुढे केला, काय झालं ते लिही आणि सही कर. पोरगं घाबरलं, लिहून बसलं की त्या मुलाकडे वेप असतं हे मला माहीत होतं. आणि मला फोन आला तो थेट, ३ दिवस सस्पेंड केलंय, घेऊन जा.

नवरा म्हणतो शाळेशी वाकडं घेऊ नकोस, मुलाला अजून दोन वर्षं तिथेच काढायचीत, आणि आपण एच-१ वर्क व्हिसावर. पण माझ्या जिवाला चैन नाही. उद्या मीटिंग आहे. फोन असा बघता येतो का, मला आधी कळवायला नको होतं का, आणि हे कॉलेजच्या ॲप्लिकेशनमध्ये येणार का? कुणाला नक्की माहीत असेल तर प्लीज सांगा.

दोन_मुलींचा_बाबा

ताई, आधी एक सांगतो, प्रश्न विचारणं म्हणजे वाकडं घेणं नाही. आपल्या डोक्यात बसलेलं असतं की सर बोलले म्हणजे झालं, सही करा आणि पुढच्या वेळी असं होणार नाही म्हणून हात जोडा. इथे पब्लिक स्कूल म्हणजे सरकार, तिथे संविधान लागू होतं, आणि सस्पेन्शन ही त्यांच्या मनात आलं म्हणून देता येणारी गोष्ट नाही. (प्रायव्हेट स्कूल असती तर गोष्ट वेगळी, तिथे तुम्ही सही केलेला करार आणि काही ठरावीक कायदे एवढंच चालतं.)

१९७५ ची सुप्रीम कोर्टाची केस आहे, गॉस विरुद्ध लोपेझ. ओहायोत कोलंबसच्या शाळांमध्ये गडबड झाली आणि बऱ्याच मुलांना सुनावणी न देताच १० दिवसांपर्यंत घरी बसवलं. त्यातला लोपेझ नावाचा मुलगा हेच म्हणत होता की तोडफोड झाली तेव्हा मी फक्त तिथे होतो, केलं काही नाही. तुमच्या मुलासारखंच. कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की शिक्षण हा मुलाचा हक्क आहे, छोटं सस्पेन्शन असलं तरी मुलाला आरोप काय ते तोंडी किंवा लेखी सांगायलाच हवं, तो नाकारत असेल तर पुरावा काय आहे ते सांगायला हवं, आणि त्याची बाजू ऐकायला हवी. साधारणपणे घरी पाठवायच्या आधी. मुलगा धोकादायक असेल तर आधी काढता येतं पण मग लवकरात लवकर ऐकावं लागतं.

आता खरं सांगायचं तर ही सुनावणी म्हणजे वकील साक्षीदार वगैरे काही नाही, ऑफिसातलं पाच मिनिटांचं बोलणंसुद्धा कोर्टाला चालतं. म्हणून मुलाला शांतपणे विचारा की तुझ्यावर नेमका आरोप काय असं कुणी सांगितलं का, आणि तुला "मी नव्हतो" म्हणायची संधी मिळाली का. नुसतं लिही आणि सही कर एवढंच झालं असेल तर तोच तुमचा मुद्दा, उद्या तोच लावून धरा. आणि हँडबुकमधला (शाळेच्या नियमांच्या पुस्तकातला) कुठला नियम मोडला ते नंबरासकट विचारा. वेप जवळ असणं, वापरणं आणि जिथे वेप आहे तिथे असणं हे तीन वेगळे नियम असू शकतात, शिक्षाही वेगळी. माझ्या धाकटीच्या वेळी पत्रात भलताच नियम लिहिला होता, आम्ही विचारल्यावर तो बदलला आणि दिवस कमी झाले.

गणिताच्या_बाई

मी पब्लिक हायस्कूलमध्येच शिकवते म्हणून आतल्या बाजूने लिहिते. फोनचं उत्तर सरळ हो किंवा नाही असं नाहीये.

पाया आहे १९८५ ची न्यू जर्सीची केस, टी. एल. ओ. म्हणतात. १४ वर्षांची मुलगी बाथरूममध्ये सिगरेट ओढताना सापडली, तिची पर्स उघडली आणि गांजा निघाला. कोर्ट म्हणालं झडतीपासून संरक्षण विद्यार्थ्यांनाही आहे, पण शाळेला पोलिसांसारखं वॉरंट नको, वाजवी संशय पुरतो. ती मुलगी हरली हेही लक्षात ठेवा. पण त्याच निकालात दोन अटी आहेत ज्या लोक विसरतात: झडती सुरू करायलाच काहीतरी कारण हवं, आणि ती त्या कारणापुरतीच हवी, मुलाचं वय आणि चूक किती मोठी हे बघून. २००९ मध्ये ॲरिझोनाच्या एका १३ वर्षांच्या मुलीचे आयब्युप्रोफेनच्या गोळ्यांसाठी अंतर्वस्त्रांपर्यंत कपडे तपासले, तिथे कोर्टाने ८ विरुद्ध १ असं ठणकावून सांगितलं की हे चुकीचं.

तुमच्या केसमध्ये बॅग आणि खिसे बघणं बहुतेक टिकेल, कारण वास आला होता आणि तो तिथे होता. फोन मला टिकेलसं वाटत नाही. वेप फोनमध्ये लपवता येत नाही! विकण्याबद्दल मेसेज आहेत असा काही ठोस संशय होता का, हे विचारा. आणि असेल तरी घरच्या ग्रुपमधले आजीचे रिपोर्ट कशासाठी बघितले? सहाव्या सर्किटच्या (फेडरल अपील कोर्टांचे राज्यांनुसार विभाग असतात, त्यांना सर्किट म्हणतात) अपील कोर्टाने २०१३ मध्ये केंटकीच्या एका केसमध्ये स्पष्ट म्हटलंय की वर्गात फोन वापरला म्हणून फोन जप्त करणं वेगळं आणि आतले मेसेज वाचणं वेगळं, मुलाचा जुना इतिहास माहीत आहे एवढ्यावर मेसेज वाचता येत नाहीत. तुमचं राज्य त्या सर्किटमध्ये नसेल तर तो निकाल बंधनकारक नाही, पण दाखवायला हरकत काय.

एक अडचण आहे, मुलाने स्वतः पासकोड टाकला म्हणजे संमती दिली असं शाळा म्हणेल. पंधरा वर्षांचं पोर, समोर मोठा माणूस, दारात पोलिस, ती कसली संमती हो. पण हे म्हणावं लागतं, आणि लेखी म्हणावं लागतं.

पालकांना आधी फोन करण्याबद्दल मात्र निराशा होईल, बऱ्याच राज्यांत शाळेच्या साध्या चौकशीआधी पालकांना बोलवायचं बंधन नाही. स्कूल डिस्ट्रिक्टच्या (भागातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) स्वतःच्या पॉलिसीत असू शकतं, ती वेबसाईटवर असते, आज रात्रीच वाचून ठेवा.

स्पष्ट_बोलतो

थोडं शाळेच्या बाजूनेही बघा. वेपमध्ये हल्ली काय काय भरलेलं असतं, एखादं मूल बेशुद्ध पडलं तर आपणच ओरडणार की शाळा झोपली होती का. माझं मत, ३ दिवस निमूट काढा, मित्र बदलायला सांगा.

गणिताच्या_बाई

@स्पष्ट_बोलतो, काळजी मलाही आहे, रोज बघते मी ते. पण बेशुद्ध पडणाऱ्या मुलाला वाचवायला दुसऱ्या मुलाच्या आजीचे रिपोर्ट वाचावे लागत नाहीत. आणि "निमूट काढा" याचा अर्थ फाईलमध्ये जे लिहिलंय ते खरं मानलं असा होतो. पुढच्या वेळी काही झालं की तो "दुसरा गुन्हा" धरतात आणि शिक्षा वाढते, हे मी कित्येकदा पाहिलंय. शांत, अबोल मुलांच्या बाबतीत हे जास्त होतं कारण त्यांच्यासाठी बोलायला कुणी येत नाही.

कॉलेजातला_ओंकार

मी इथेच वाढलो, आत्ता कॉलेजला आहे. काकू, मुलाला तीन वाक्यं शिकवा आणि आवाज न चढवता म्हणायला सांगा: मी झडतीला संमती देत नाही, मला आईबाबांना फोन करायचाय, ते आल्याशिवाय मी काही लिहून देणार नाही. त्यांनी तरी बॅग ओढून घेतली तर अडवायचं नाही, झटापट नाही, पळायचं नाही, फक्त नाही म्हटलं हे नोंदलं जायला हवं. आणि खोटं बोलायचं नाही, गप्प बसणं चालतं.

पोलिसाचा भाग महत्त्वाचा आहे तो सोडू नका. असिस्टंट प्रिन्सिपल एकटेच विचारत असतील तर मिरांडा (गप्प राहायचा आणि वकील मागायचा हक्क पोलिसांनी आधी सांगणं) वगैरे लागत नाही, पण पोलिस स्वतः प्रश्न विचारायला लागला आणि मुलाला उठून जाता येत नसेल तर चित्र बदलतं. २०११ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाची केस होती, १३ वर्षांच्या मुलाला वर्गातून काढून खोलीत बसवून चौकशी केली, सुप्रीम कोर्ट म्हणालं की तो कस्टडीत होता का हे ठरवताना त्याचं वय धरायलाच हवं. तर ऑफिसर फक्त उभा होता की काही बोलला, फोन त्याने हातात घेतला का, हे मुलाला आत्ताच आठवेल तसं लिहून काढायला सांगा, आठवड्याने गोंधळ होतो.

कॉलेजचं म्हणाल तर कॉमन ॲपने (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच ॲप्लिकेशन फॉर्म) २०२१-२२ पासून शाळेतल्या शिस्तभंगाचा प्रश्न आपल्या मुख्य फॉर्ममधून काढलाय. काही कॉलेजं अजून स्वतःच्या प्रश्नांत विचारतात. काउन्सेलरला विचारा की आपली हायस्कूल कॉलेजांना काय कळवते, प्रत्येकीची पॉलिसी वेगळी असते.

दोन_मुलींचा_बाबा

रेकॉर्डचं राहिलं होतं. फर्पा नावाचा १९७४ चा फेडरल कायदा आहे, त्याखाली मुलाची फाईल बघायचा पालकांना हक्क आहे आणि शाळेला ४५ दिवसांच्या आत दाखवावी लागते. मूल १८ चं झालं की हा हक्क त्याच्याकडे जातो. आज रात्रीच ईमेल टाका: सस्पेन्शनचं पत्र, मुलाने लिहिलेलं स्टेटमेंट, फोन कुणी कुठल्या कारणाने बघितला त्याची नोंद, हॉलवेचा कॅमेरा असेल तर तो बघायची विनंती, आणि रेकॉर्डिंग पुसू नका हेही लिहा कारण ते ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. मजकुरात चूक असेल तर दुरुस्ती मागता येते, नाकारली तर हिअरिंग, तिथेही नाही झालं तर तुमचं लेखी म्हणणं फाईलला जोडावं लागतं. यातून शिक्षा रद्द होत नाही हां, त्यासाठी डिस्ट्रिक्टची अपील, तिची मुदत फार थोडी असू शकते तेव्हा पत्रातली तारीख बघा.

व्हिसाची भीती वाटतेय ते कळतं. शाळेचं सस्पेन्शन ही अटक नाही आणि गुन्हा सिद्ध झाल्याची नोंदही नाही. पण पोलिसाने तिकीट किंवा कसलाही चार्ज दिला असेल तर मात्र इथे विचारत बसू नका, लगेच इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा आणि तोवर काहीही कबूल करून सही करू नका.

काळजीतली_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, मीटिंग होऊन आले. नवराही आला बरोबर. ईमेल रात्रीच टाकली होती म्हणून की काय, प्रिन्सिपल स्वतः बसल्या होत्या. नियमाचा नंबर विचारला तर पत्रात "वेप जवळ बाळगणे" लिहिलेलं, मी म्हटलं याच्याजवळ सापडलंय कुठे? मुलाला म्हटलं तू बोल, त्याने खालमानेनेच पण सगळं सांगितलं, अर्धा वेळ त्याचा आवाज कापत होता. कारण बदलून "ऑफिसला न कळवणे" केलंय आणि सस्पेन्शन एका दिवसाचं, बाकी दिवस गैरहजेरी धरणार नाहीत, बुडालेली टेस्ट घेणार. फोनबद्दल म्हणाल्या की चौकशी करून लेखी कळवू. तेवढं मी सोडणार नाहीये, सुपरिटेंडंटना (डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांना) पत्र तयार ठेवलंय. ऑफिसरने फोनला हात लावला नव्हता, चार्जही नाही.

मेघना_के

मध्येच विचारते, माझ्या मुलीला एडीएचडी (लक्ष टिकवायला त्रास होतो तो) आहे, ५०४ प्लॅन (अशा मुलांना शाळेने द्यायच्या सवलतींचा लेखी प्लॅन) आहे, तिला या वर्षात तुकड्या-तुकड्यांत बरेचदा घरी पाठवलंय. हे असंच चालू देता येतं का त्यांना?

गणिताच्या_बाई

@मेघना_के, नाही. वर्षात एकूण १० शाळेच्या दिवसांच्या वर गेलं आणि कारणं एकसारखी असतील तर आधी मीटिंग घ्यावी लागते, की हे वागणं तिच्या एडीएचडीमुळे आहे का. त्यामुळे आहे असं ठरलं तर त्या वागण्यासाठी अजून सस्पेंड करता येत नाही, प्लॅन सुधारावा लागतो. "आज लवकर घेऊन जा" म्हणून फोन करतात तेही यात मोजले जाऊ शकतात, शाळा कागदावर लिहीत नाही म्हणून तुम्ही तारखा लिहून ठेवा, कुणी फोन केला, किती वाजता, काय कारण दिलं. दहाच्या जवळ असाल तर आजच ५०४ कोऑर्डिनेटरला ईमेल करा, फोन नको.