जॅकेट आधी की नंतर?

पायथ्यापासूनच जाड जॅकेट घालून निघावं, हे तुमचं म्हणणं मला नाही पटलं. चढणीवर दहा मिनिटांत अंग घामेजतं आणि माथ्यावर वारा लागला की त्याच घामाने हुडहुडी भरते. मी निघताना थोडी थंडी सोसते, जॅकेट सॅकमध्येच ठेवते. उंचीबरोबर हवा दर १००० मीटरला साधारण ६.५ अंशांनी थंड होते हे खरं, पण निरभ्र, शांत रात्री गार हवा जड होऊन दरीत साचते, त्यामुळे पहाटे कधीकधी वरच ऊबदार असतं. गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच मैत्रिणी धुक्यातून वर निघालो, तर माथ्यावर लख्ख ऊन! गवताच्या पात्यांवरचं दव वाळत आलेलं, खाली सगळी दरी पांढरीशुभ्र. बराच वेळ कुणी बोललंच नाही.