मेन सारखा का पडतोय? (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

३०२: कुणाकडे लाइट गेलीय का? आमच्याकडे पूर्ण अंधार.

४०१: आहे की.

१०३: आमच्याकडेही आहे. तुमचा मेन पडला असेल, डीबी (खटक्यांची पेटी) बघा.

३०२: बघितला. वर केला की दोन सेकंदांत खाली. चार वेळा झालं. ह्यांनी बोटाने वर दाबून धरला तरी लाइट नाही.

२०४ काका: दाबून धरू नका ताई. दांडी वर धरली तरी आतला संपर्क सुटतोच, ती नुसती वर दिसते. आधी सांगा, नक्की काय पडतंय? एकेरी बारीक खटका, की ‘टी’ बटण असलेला जाड?

३०२: टीवाला.

२०४ काका: म्हणजे आरसीसीबी, गळती पकडणारा खटका. मग लोडचा प्रश्न नाही, कुठेतरी करंट गळतोय. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट एकमेकांशी जुळवून बघतो. ३० मिलिअँपिअरची तफावत झाली की पडलाच पाहिजे, आणि बऱ्याचदा त्याच्या थोडा आधीच पडतो. उरलेला करंट जमिनीत जातोय, तुमच्या अंगातूनही जाऊ शकतो. म्हणून त्याच्यावर वैतागू नका. गीझर लावला होता का?

३०२: हो, सकाळी लावला आणि तेव्हाच पडला. पण आता गीझरचं बटण बंद आहे, त्याचा एमसीबीही (तो बारीक खटका) खाली केला. तरी पडतोय! म्हणजे गीझर नसेल ना?

२०४ काका: इथेच सगळे फसतात. बटण आणि एकेरी एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. गीझरचं एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) फुटून पाण्याला लागलं असेल, तर तुमच्या फ्रिजचा परत येणारा करंट थोडा न्यूट्रलने जातो, थोडा गीझरमार्गे अर्थिंगला. आरसीसीबीचा हिशोब चुकतो आणि तो पडतो. गीझर बंद असताना! आता हात कोरडे करा, पायात चप्पल घाला, मेन खालीच ठेवा आणि गीझरचा प्लग सॉकेटमधून काढा. बाकीचेही सगळे प्लग काढा. मग मेन वर करा.

५०२: काका, एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडेही किचनचा सारखा पडायचा. इलेक्ट्रिशियनने १६ अँपिअरचा एमसीबी काढून ३२चा टाकला. दोन वर्षं झाली, एकदाही पडला नाही 👍

४०१: आम्हालाही त्याचा नंबर द्या.

२०४ काका: नंबर देऊ नका 🙏 ५०२, तुमचा पडायचा तो लगेच, की थोड्या वेळाने?

५०२: दहा-पंधरा मिनिटांनी. गीझर, ओव्हन आणि इस्त्री तिन्ही चालू असली की.

२०४ काका: २००० अधिक २००० अधिक १००० वॅट. भागिले २३०, म्हणजे जवळपास २२ अँपिअर. १६चा बरोबरच पडत होता. त्याच्या आत दोन धातूंची पट्टी असते, ती तापून वाकली की खटका सुटतो, म्हणून वेळ लागतो. शॉर्ट सर्किट असतं तर चुंबकाने क्षणात पडला असता. आणि एमसीबी उपकरणासाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. खटका बदलला, वायर तीच राहिली ना? आता ३२च्या एमसीबीतून ४६ अँपिअर गेले तरी तो तासभर थांबू शकतो, नियमाप्रमाणे त्याला तेवढी मुभा आहे. तोवर वायरचं काय होईल? तो पडत नाही याचं मला कौतुक नाही, काळजी आहे.

५०२: बापरे. मग करायचं काय?

२०४ काका: १६चा परत बसवून घ्या, गीझरला स्वतंत्र लाइन ओढून घ्या. तोवर इस्त्री नंतर.

१०३: आमच्याकडे फारसं काही चालू नसतानाही एक एमसीबी पडतो. हात लावला तर गरम लागतो.

२०४ काका: बहुतेक स्क्रू ढिला. ढिल्या जोडावर उष्णता होते आणि तीच पट्टीला लागते. तो बंदच ठेवा आणि माणूस बोलवा. झाकण स्वतः उघडू नका, मेन खाली असला तरी त्याच्या वरच्या बाजूला करंट असतोच.

१०१: सर्वांना शुभ सकाळ 🌸 गेटसमोर पांढरी गाडी कुणाची आहे?

३०२: काका! प्लग काढले, मेन राहिला!! मग एकेक लावत गेले. फ्रिज ठीक, टीव्ही ठीक. गीझर लावला, बटणही दाबलं नव्हतं, धाडकन पडला.

२०४ काका: सापडला चोर. प्लग काढून ठेवा, दुरुस्तीपर्यंत हात लावू नका. आणि सगळ्यांनी महिन्यातून एकदा ते ‘टी’ बटण दाबा. दाबल्यावर पडला म्हणजे जिवंत आहे. घड्याळं परत लावावी लागतात, तेवढाच त्रास.

(संध्याकाळी)

३०२: मेकॅनिक आला होता. एलिमेंटला बारीक चीर, पाणी आत गेलेलं. काका, आता चहाला यायचंच.

५०२: आम्हीही दुसरा इलेक्ट्रिशियन बोलावला. ३२च्या खालच्या वायरचं आवरण तपकिरी झालंय, बोट लावलं तर भुगा पडतो.

२०४ काका: आज ती लाइन बंदच ठेवा. वायर बदलल्याशिवाय नवा खटकाही नको.

४०१: काका, मी टी बटण दाबलं. तीनदा. काहीच पडलं नाही. चांगलं ना?

२०४ काका: येतो. चहा नंतर, आधी तुमच्याकडे.