अनुभव धागा : गाडीची बॅटरी किती टिकली, आणि कशानं गेली?

दारव्ह्याचा मास्तर

डिसेंबरातली पहाट, साडेपाचची वेळ. आईला मोतीबिंदूच्या तपासणीसाठी यवतमाळला न्यायचं होतं. आई स्वेटर-स्कार्फ घालून मागच्या सीटवर बसली, डबा ठेवून झाला, मी चावी फिरवली आणि गाडीनं फक्त "टक" केलं. पुन्हा फिरवली, पुन्हा "टक". समोरचे दिवे मिणमिणले आणि विझले. शेवटी शेजारच्या भाऊंना झोपेतून उठवलं, त्यांच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला केबल जोडून गाडी सुरू केली आणि यवतमाळ येईपर्यंत इंजिन बंद करायची हिंमत झाली नाही.

बॅटरी फक्त २२ महिन्यांची. दुकानदार म्हणतो, थंडीनं गेली. आपल्याकडची थंडी ती कितीशी! लडाखात काय गाड्या चालत नाहीत?

गाडी पेट्रोल, बॅटरी ३५ एएच (अ‍ॅम्पिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती मावतं त्याचं माप). अंगणात टिनाच्या शेडखाली उभी असते. शाळेत मी मोटरसायकलनं जातो, कार निघते ती रविवारी. तुमचेही अनुभव लिहा. गाडी कुठं उभी असते, रोज किती चालते आणि बॅटरी किती महिने गेली, एवढं नक्की सांगा. कंपनीचं नाव नको, त्यावरून भांडणं होतात.

मूर्तिजापूरचा वायरिंगवाला

मास्तर, १९ वर्षं झाली, हेच काम करतो. दुकानदार अर्धं खरं बोलला. बॅटरी बसली डिसेंबरात, पण तिचं खरं नुकसान मे महिन्यातच झालं होतं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ वर जातो. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी ही नावं दर उन्हाळ्यात पेपरात येतात. बाहेर एवढं, तर तापल्या इंजिनशेजारी बॉनेटखाली काय होत असेल? बॅटरीत सहा घरं असतात, त्यात शिशाच्या जाळ्या आणि अ‍ॅसिड. गरमीनं पाणी उडतं आणि प्लसच्या प्लेटांची जाळी आतून गंजत जाते. ढोबळ हिशेब असा, की बॅटरी नेहमीपेक्षा ८-१० अंश जास्त गरम राहिली तर तिचं आयुष्य अर्ध्यावर येतं.

गंमत ही, की उन्हाळ्यात ती कळू देत नाही. गरमीत आतली क्रिया जोमात चालते, इंजिन ऑइल पातळ असतं, सेल्फ भर्रकन फिरतो. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपला, पाऊस पडला, माणूस निश्चिंत. मग डिसेंबरच्या पहाटे ९-१० अंश झाले, की ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त करंट लागतो आणि नेमकी तेव्हाच बॅटरी कमी देते. चांगली बॅटरी हे सहज झेलते. अर्धी खाल्लेली नाही झेलत. माझ्या दुकानात म्हणूनच दिवाळीनंतर गर्दी वाढते आणि जो तो थंडीला शिव्या देतो. आपल्याकडे साध्या बॅटरीनं तीन वर्षं काढली तर मी बरी म्हणतो. पुण्याला माझा साळा आहे, त्याची पाच वर्षं चालली.

तुमचं टिनाचं शेड दुपारी भट्टीच असणार. कडुलिंबाखाली लावा. पाखरं घाण करतील, करू द्या.

पण २२ महिने फारच कमी झाले, फक्त उन्हानं इतक्या लवकर जात नाही. दोन-तीनशे रुपयांचं मीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, सेल्फ मारायच्या आधी, बॅटरीवर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग इंजिन सुरू करून पाहा. १३.८ ते १४.५ च्या मधात पाहिजे. कमी असेल तर चार्जिंग होत नाही, १५ च्या वर गेलं तर बॅटरी उकळून रायली. आकडे इथं टाका.

आणि ट्रॅक्टर १२ व्होल्टचा असतो म्हणून तुमचं निभलं. ट्रक उभा दिसला म्हणून त्याला केबल लावू नका, त्यात दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात.

दहीहांड्याचा शेतकरी

माही कथा आयका. आमचा खारपानपट्टा. बोरचं पानी इतकं खारं का ढोरंही तोंड फिरवते. बॅटरीत पाह्यलं त प्लेटा उघड्या पडल्या व्हत्या. डिस्टिल पानी आनाले अकोल्याले कोन जाते? बुडा म्हने, पानी ते पानी. टाकलं बोरचं, अन टाकलं बी त तोंडालोक. सहा महिन्यात बॅटरी खतम. वरतून अ‍ॅसिड उतू जाऊन खालचा पत्रा सडला, त्याचा खर्च येगळा. आता घरी आरओ हाय, त्याचं टाकलं त चालते का?

मूर्तिजापूरचा वायरिंगवाला

नाही भाऊ. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच, पिण्याला चालतात, बॅटरीला नाही. डिस्टिलच टाका, बाटली तीस-चाळीस रुपयांची असते. खुणेपर्यंतच भरा. प्लेटा उघड्या नसतील तर चार्ज झाल्यावर भरा, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधीच काठोकाठ असेल तर उतू जाते. अ‍ॅसिड कधीच वरून टाकायचं नाही. उडतं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं.

आरमोरीची सिस्टर

माझी गाडी रोज चालते, तरी २६ महिन्यांत बॅटरी गेली. म्हणून मला वाटायचं, उभी राहिली की खराब होते हे खोटं आहे.

मग हिशेब केला. क्वार्टरपासून दवाखाना तीन किलोमीटर. सकाळी जाते, दुपारी जेवायला येते, परत जाते, संध्याकाळी येते. दिवसाला चार वेळा सेल्फ, आणि दर वेळी पाच-सात मिनिटं इंजिन. त्यात मे महिन्यात एसी फुल, पावसाळ्यात वायपर आणि हेडलाइट. सेल्फनं काढलेलं परत भरायच्या आतच मी गाडी बंद करते. मेकॅनिकभाऊंनी मीटर लावलं तर रोज चालणाऱ्या गाडीत १२.२! अर्ध्या पोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर पांढरा थर धरतो आणि तो एकदा घट्ट झाला की निघत नाही, असं त्यांनी सांगितलं.

आता आठवड्यातून एकदा देसाईगंजपर्यंत जाऊन येते. भाजी तिकडे स्वस्तही मिळते. नवी बॅटरी ३८ महिन्यांची झाली, अजून तक्रार नाही.

हिंगणघाटचे निवृत्त काका

२०२० चं लॉकडाऊन. मार्चअखेर गाडी उभी केली. मी हुशार माणूस, दर चार दिवसांनी खाली उतरून पाच मिनिटं इंजिन चालवायचो, शेजाऱ्यांनाही सांगायचो. जूनमध्ये माझीच बॅटरी बसली. समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलानं मायनसचं टर्मिनल काढून ठेवलं होतं, त्याची गाडी एका चावीत सुरू.

सेल्फ मारायला करंट जातो तो पाच मिनिटांच्या नुसत्या इंजिनात भरून येत नाही, हे मला साठी उलटल्यावर कळलं. उभं ठेवायचंच असेल तर टर्मिनल काढा, किंवा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवा. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी.

भद्रावतीकडचा जागल्या

मी काय केलं ते कोणी करू नका. वावरात हरभरा, अन रानडुकरं रोजची. कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं झटका मशीन आणलं, त्याची बॅटरी महाग, म्हणून रोज सांजच्याले कारची बॅटरी काढून मशीनले लावो अन सकाळी गाडीत बसवो. हरभरा वाचला. कारची बॅटरी चार महिन्यात मेली. नवीच होती, राजेहो!

दुकानदार म्हणे, गाडीची बॅटरी म्हणजे शंभर मीटर पळणारा गडी, त्याले तू रातभर पायी चालवून रायला. तिच्या प्लेटा पातळ रायते, एका दमात खूप करंट देते अन लगेच इंजिनानं भरून घेते. रातभर हळूहळू रिकामी करासाठी जाड प्लेटांची, सोलरची येगळी बॅटरी येते. रोज खोलून-कसून टर्मिनलही ढिलं झालं ते झालंच.

पुसदचा काळीपिवळीवाला

माझी पाच वर्षं सात महिने चालली. गाडी दिवसभर रस्त्यावर, बॅटरी रिकामी राहतच नाही. पण तीही गेली ती खड्ड्यांनी. बॅटरी धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट गळून पडला, बॅटरी जागेवर नाचायला लागली, आतल्या प्लेटा सुटल्या. रस्ते बांधणारे लोक याचा हिशेब देत नाहीत. आता पट्टीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा टाकून कसतो, महिन्यातून एकदा हात लावून पाहतो हलते का.

टर्मिनलवर हिरवं-पांढरं फूल आलं की गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशनं धुवा, सुकवा, वरून व्हॅसलीन. आमच्याकडे कितीक जण नवी बॅटरी घेतात आणि दोष टर्मिनलचा निघतो.

मेहकरचा

माझी १४ महिने. दुकानातून घरी आणल्यावर तारखेचा कोड वाचला, तर बॅटरी बनून दहा महिने झालेले. म्हणजे दुकानातल्या रॅकवर पडून पडून आधीच अर्धी उतरलेली. वॉरंटीला गेलो तर कार्डावर शिक्का नाही म्हणून परत पाठवलं. पुढच्या वेळी दोन गोष्टी केल्या, पैसे द्यायच्या आधी तारीख पाहिली आणि शिक्का मारून घेतला. "२४ अधिक २४" म्हणजे चार वर्षं फुकट नव्हे, पहिली दोनच फुकट बदलून, पुढची दोन नव्या बॅटरीच्या किमतीत काहीतरी सूट, हेही तेव्हाच कळलं.

अजून एक. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीत साधी बॅटरी बसवून देतात, स्वस्त पडते म्हणून. त्या गाडीला तिची खास बॅटरी लागते. भावाची साधी नऊ महिन्यांत गेली.

दारव्ह्याचा मास्तर

वायरिंगवाले भाऊ, आकडे घ्या. इंजिन सुरू असताना १४.२. नवी बॅटरी रविवारी संध्याकाळी १२.६, शनिवारी सकाळी १२.१.

मूर्तिजापूरचा वायरिंगवाला

चार्जिंग ठीक आहे. म्हणजे उभ्या गाडीत कोणीतरी पिऊन रायलं. मायनसची वायर काढा, मीटर १० अ‍ॅम्पिअरवर ठेवून वायर आणि टर्मिनलच्या मधात जोडा. मीटर मधात असताना सेल्फ मारू नका, फ्यूज उडेल. दारं बंद करून अर्धा तास थांबा, गाडीतली यंत्रं झोपायला वेळ घेतात. ५० मिलीअ‍ॅम्पिअरपर्यंत चालतं. जास्त आलं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, चोर तिथं.

दारव्ह्याचा मास्तर

सापडला. १२० मिलीअ‍ॅम्पिअर! रेडिओचा फ्यूज काढला की ३० वर.

दोन वर्षांमागं पोरानं मोठ्या स्क्रीनचा म्युझिक सेट बसवून आणला होता. चावी न लावता गाणी वाजतात म्हणून तेव्हा आम्ही खूश झालो होतो. बसवणाऱ्यानं सेटची लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून थेट बॅटरीवर दिलेली. पिवळी कायम चालू लागते, लाल चावीवर पाहिजे. सेट बंद दिसायचा, पण आत जागाच. दिवसाला जवळपास ३ एएच, सहा दिवसांत १७. म्हणजे ३५ ची बॅटरी दर रविवारपर्यंत अर्धी. वरून दोन उन्हाळे टिनाखाली. सिस्टर म्हणतात तो पांढरा थर धरायला आणखी काय पाहिजे?

लाल वायर चावीवर घेतली. आता ३०-३२ वर थांबतं. पोरगा नाराज आहे, चावीशिवाय गाणी वाजत नाहीत. गाडी कडुलिंबाखाली आली आणि पाखरांनी पहिल्याच दिवशी सलामी दिली. आईची दुसऱ्या डोळ्याची तारीख १४ ला आहे, त्या पहाटे काय होतं ते लिहीन.

भद्रावतीकडचा जागल्या

मास्तर, तुमची जुनी बॅटरी मोडीत टाकली का? टाकली नसन त मले द्या, झटका मशीनले

मूर्तिजापूरचा वायरिंगवाला

मास्तर, देऊ नका त्याले.