नवरा-बायकोची वजन घटवण्याची पैज: मोजमाप कसे ठेवावे?

प्रश्न: सुरुवातीला माझे वजन ७२ किलो आणि यजमानांचे ९६ किलो होते. तीन महिन्यांत जो कमी वजन घटवेल त्याने पुढे महिनाभर सकाळचा चहा करायचा, अशी आमची पैज आहे. परंतु तीन आठवड्यांत त्यांचे साडेतीन किलो आणि माझे जेमतेम दोन किलो उतरल्याने माझा उत्साह मावळू लागला आहे. ही स्पर्धा न्याय्य कशी करता येईल?

प्रतिसाद १: किलोऐवजी मूळ वजनाचे टक्के मोजावेत. त्यांचे ३.६ आणि आपले २.८ टक्के भरतात, म्हणजे अंतर वाटते तेवढे नाही. पुरुषांच्या शरीरात स्नायूंचे प्रमाण साधारणपणे अधिक असल्याने विश्रांतीतही त्यांची ऊर्जा जास्त खर्च होते. शिवाय सुरुवातीच्या घटीत पाण्याचा वाटा मोठा असतो.

प्रतिसाद २: मासिक पाळीच्या सुमारास शरीरात पाणी साठून काटा वर जातो, म्हणून आपली तुलना महिन्याच्या सरासरीने व्हावी. कमरेचा घेरही मोजावा; भारतीयांसाठी पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते.

प्रतिसाद ३: आमच्याकडे वजनाच्या आदल्या दिवशी उपाशी राहण्याची लबाडी सुरू झाली (ती मीच केली, हे कबूल करतो), तेव्हा आम्ही काटा बाजूला ठेवून पर्वती रोज चढण्यावर पैज लावली. ज्याचा खाडा अधिक, त्याने भांडी घासायची.

प्रश्नकर्ती: टक्के आणि घेर दोन्ही मान्य. यजमानांना मात्र भांड्यांची अट अधिक जाचक वाटते आहे, म्हणून तीच ठेवते.