भाडेकरू मानसिक संकटात असेल तर घरमालकाची जबाबदारी किती?

प्रश्न
पुण्यातला वन बीएचके नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर दिलाय. भाडेकरू २७ वर्षांचा, एकटा राहतो. आठवडाभर कामावर गेलेला नाही, रात्रभर एकटाच मोठ्याने बोलतो. काल खिडकीतून भांडी फेकली. सोसायटी म्हणते, कुलूप बदला. मला ते करायचं नाही, पण करायचं काय? त्याच्या वडिलांचा नंबर आहे.

प्रतिसाद १
आजच वडिलांना फोन करा. "वेड लागलंय" असं बोलू नका. काय दिसलं, काय ऐकलं, किती वाजता, एवढंच सांगा. मग दाराबाहेरून एकाच माणसाने, हळू आवाजात बोलावं: "भाड्याचं काही नाही. जेवलास का? बाबांना बोलावू?" चार शेजारी दाराशी जमले की माणूस आणखी घाबरतो.
टेली-मानस (१४४१६) ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते, मराठीत बोलता येतं. तुम्हीही सल्ला विचारू शकता. जीव देण्याची भाषा असेल किंवा कुणाला इजा होईलसं वाटलं तर थेट ११२.

प्रतिसाद २
पोलिसांकडे अर्ज लिहिताना नेमकी इथेच चूक होते. "भाडेकरू त्रास देतो" लिहिलं की "दिवाणी बाब आहे, कोर्टात जा" म्हणून परत पाठवतात. त्याऐवजी वागणूक आणि धोका लिहा, आणि मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० चा उल्लेख करा. त्या कलमाखाली पोलिसांनी अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत, सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही.
रुग्णालयात दाखल करण्याच्या कागदावर तुम्ही सही करू नका. आजारपणात आपल्या वतीने निर्णयात मदत करायला त्याने आधी कुणाला प्रतिनिधी नेमलं नसेल तर ते काम नातेवाइकांचं.

प्रतिसाद ३
कुलूप, वीज, पाणी यांना हात लावू नका. सोसायटीच्या कमिटीला भाडेकरूला बाहेर काढायचा अधिकारच नाही, हे त्यांना लेखी कळवा. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, पण तो नंतरचा प्रश्न. आणि कृपा करून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच्या आजाराबद्दल एक अक्षरही टाकू नका. बरा होऊन त्याला त्याच जिन्यातून वर यायचंय.

प्रश्नकर्ता
वडील रात्री निघताहेत. दार उघडलंच नाही तर माझ्याकडची जादा किल्ली वापरू?

प्रतिसाद २
एकट्याने नाही. आतून कडी असेल तर किल्लीचा उपयोगही नाही. आत हालचाल नाही, हाक मारली तरी उत्तर नाही किंवा गॅसचा वास येतोय, असं असेल तर वडिलांची वाट बघू नका. ११२ आणि अग्निशमन दल १०१, दोन्हीकडे फोन करा. वास असेल तर बेल वाजवू नका, ठिणगी पडते.
तो रुग्णालयात गेल्यावर खोली आवरायला घेऊ नका. औषधांच्या स्ट्रिप्स, रिकाम्यासुद्धा, तशाच ठेवून वडिलांच्या हाती द्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.