‘जामीन’ म्हणजे माणूस की सुटका? पत्रकातलं एक वाक्य अडलंय

वेळागर
मच्छीमार वस्त्यांमधल्या बायकांसाठी आम्ही एक छोटं पत्रक करतोय. घरातल्या माणसाला पोलिसांनी नेलं तर पहिल्या चोवीस तासांत काय होतं, कोर्टात काय विचारतात, सोबत कुठले कागद न्यायचे, एवढंच त्यात आहे. मजकूर वकिलांनी इंग्रजीत दिलाय, मराठी मी करतेय. अटक, पंचनामा, पोलीस कोठडी, न्यायालयीन कोठडी इथवर काही अडलं नाही. पुढे माझं वाक्य असं झालं: ‘जामीन मिळण्यासाठी जामीन द्यावा लागतो.’

ओळखीचे एक निवृत्त शिरस्तेदार म्हणाले, बरोबर आहे, कोर्टात असंच बोलतात. पुण्याच्या मैत्रिणीने त्याच वाक्याखाली लाल रेघ मारली. तिच्या मते हे वाक्य नाही, कोडं आहे.

माझ्या आजीच्या तोंडी जामीन म्हणजे माणूस. ‘तेका जामीन कोण रवलो?’ असं ती विचारायची. बातम्यांत मात्र जामीन म्हणजे सुटका: जामीन मंजूर, जामीन फेटाळला. दोन्ही अर्थ एकाच ओळीत आले की वाचणारीने काय समजायचं? मला दोन वेगळे शब्द हवेत, आणि शिरोड्याच्या बाजारात मासे घेऊन बसणारीला ते दुसऱ्याला विचारावे लागू नयेत.

जुना कारकून
तुमच्या आजीचा अर्थ मूळचा. मोल्सवर्थच्या कोशातही जामीन म्हणजे दुसऱ्याची हमी घेणारा माणूसच आहे. जुन्या व्यवहारात त्याचे प्रकार असत. माणसाला वेळेवर हजर करायची हमी घेणारा तो हाजीरजामीन, पैशाची घेणारा मालजामीन आणि वर्तणुकीची घेणारा फैलजामीन. पुढे ‘जामिनावर सोडला’ म्हणता म्हणता सुटकेलाच जामीन म्हणू लागले. मग माणसासाठी शब्द उरला नाही, म्हणून त्याला ‘दार’ जोडून जामीनदार केला. तेव्हा माणसाला जामीनदार लिहा, सुटकेला जामीन. काम झालं.

शब्दखूळ
जामीन हा शब्द जमिनीवरूनच आला असणार. आमच्या गावात जामीन राहायचं तर पहिला प्रश्न ‘सातबारा आहे का?’ हाच असतो. ज्याची जमीन तो जामीन. आजोबा तर उच्चारही ‘जमीन रवलो’ असाच करायचे.

जुना कारकून
नाही हो. जामीन अरबी आहे, हमी घेणारा या अर्थाचा. जमानत हे त्याचं सख्खं भावंड. जमीन फारसी आहे. दोन्ही शब्द सारखे ऐकू येतात आणि कोर्टात सातबारा लागतो, म्हणून लोकांनी सांधा जुळवला.

शब्दखूळ
लोकांनी जुळवला आणि पिढ्यान् पिढ्या तसाच वापरला, तर तोही शब्दाचा इतिहासच आहे की. कोशात नाही म्हणून आजोबांचं बोलणं खोटं ठरत नाही.

नाखवा
सातबाऱ्याचा विषय निघालाच आहे तर खरी अडचण सांगतो. आमच्या वाडीत सातबारा कुणाच्या एकट्याच्या नावावर नाही. पणजोबांपासूनची नावं एकाखाली एक, त्यातले अर्धे मुंबईला, काही वारलेले, त्यांच्या वारसांची नोंद नाही. मच्छीमारांचं तर त्याहून वाईट. घराखालची जागासुद्धा नावावर नसते. माझ्या मावसभावाच्या वेळेला रात्रीत जामीनदार शोधायला निघालो. होडी आहे, जाळी आहेत, इंजिन आहे, लाखांचा माल. पण तालुक्याच्या कोर्टात ते चाललं नाही, सातबारा आणा म्हणाले. शेवटी बाजूच्या गावातले एक बागायतदार उभे राहिले. कलमांची बाग त्यांच्या एकट्याच्या नावावर होती म्हणून निभावलं. तोवर माणूस आतच होता. वेळागरताई, पत्रकात शब्द कुठलाही घाला, पण हे लिहाच.

कोर्टाची पायरी
वकिली करतो म्हणून यात पडतो. जुना कारकून यांची वाटणी सोपी आहे, पण तिच्यात महत्त्वाची गोष्ट निसटते. प्रत्येक जामिनाला जामीनदार लागतोच असं नाही.

१९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जामिनाची व्याख्याच नव्हती. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती आली, आणि तिथे तीन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. पहिली, कायद्याच्या ताब्यातून अटींवर झालेली सुटका. दुसरी, जामीनदारासह लिहून दिलेली हमी. तिसरी, जामीनदाराशिवाय स्वतःच लिहून दिलेली हमी. ही तिसरी म्हणजेच जातमुचलका. जात म्हणजे इथे स्वतः, मुचलका म्हणजे लिहून दिलेला करार.

यावर सुप्रीम कोर्टाचा १९७८चा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश हा निकाल आहे. आरोपी गवंडीकाम करणारा गरीब माणूस. खालच्या कोर्टाने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे चुकीचं ठरवलं आणि स्पष्ट केलं की जामीन या शब्दात स्वतःच्या हमीवरची सुटकाही येते, जामीनदार असो वा नसो. ज्यांचे भाऊ मुंबईला आहेत त्या कोकणातल्या माणसाने हा निकाल लक्षात ठेवावा.

आणखी एक. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. ऐपत नसलेल्या माणसाला जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीवर सोडायचं असतं, आणि अटकेपासून आठवड्याच्या आत जामीनदार देता आला नाही तर तो तसा गरीब आहे असं कोर्टाने धरून चालावं असं कायदाच म्हणतो. हे बायकांना माहीत नसतं.

वेळागर
माझा जीव नेमका इथेच अडकलाय. ऑर्डरमध्ये ‘जातमुचलक्यावर मुक्त’ लिहिलेलं असतं आणि घरचे जामीनदार शोधत गावोगाव फिरत असतात, कारण जातमुचलका म्हणजे काय ते कुणी सांगत नाही. एका घरात तर दागिने गहाण ठेवायची बोलणी झाली होती. नुसतं जामीन आणि जामीनदार लिहून हे सुटत नाही. ‘दुसऱ्या माणसाची गरज नाही’ हे त्या शब्दातच दिसायला हवं.

देवगिरा
मग परभाषेतलं हे ओझं टाकूनच द्या ना. सुटकेला जामीन राहू दे हवं तर, पण हमी घेणारा तो प्रतिभू आणि जातमुचलका म्हणजे स्वबंधपत्र. शब्द स्वतःच अर्थ सांगतो. सावरकर स्थानबद्ध होते ते रत्नागिरीतच, आणि भाषाशुद्धीसाठी त्यांनी लिहिलं तेही तिथून. दिनांक, महापौर हे शब्द एके काळी नवेच होते. आज कुणाला खटकतात?

हर्णैची
दिनांक रोजच्या कागदावर येतो म्हणून रुजला. प्रतिभू कुणाच्या तोंडी येणार? माझ्या आईला प्रतिभू म्हटलं तर तिला ते एखाद्या मुलाचं नाव वाटेल. जामीन, फिर्याद, गुन्हा, मुद्देमाल, पंचनामा हे शब्द आमच्या घरात शंभर वर्षं बोलले जातायत. ते परके कसे? ‘फिर्याद’ फारसीत म्हणजे आक्रोश. पोलीस ठाण्याच्या पायरीवर उभ्या राहिलेल्या बाईसाठी याहून योग्य शब्द मला दाखवा.

देवगिरा
भावना समजली, पण सवय म्हणजे अर्थ नव्हे. मुचलका शंभर वर्षं बोलला जातोय आणि तरीही वेळागर म्हणतात तसं लोकांना कळत नाही. म्हणजे जुना शब्दही कळतोच असं नाही. ‘स्व’ आणि ‘बंध’ मराठी मुलाला चौथीत कळतात.

कोर्टाची पायरी
देवगिरांचा हा मुद्दा मात्र मान्य. जातमुचलका लोकांपर्यंत पोचलेला नाही. फक्त ‘बंध’ म्हटल्यावर सुटका आठवेल की बेडी, तेवढं बघा.

हर्णैचींना एक भर. संहितेत मॅजिस्ट्रेटपुढे कारवाईसाठी केलेली तक्रार वेगळी आणि पोलीस ठाण्यात दिलेली पहिली खबर वेगळी. आपण दोन्हींना फिर्यादच म्हणतो. पत्रकात तिथेही घोळ होईल.

वेळागर
फिर्यादीचं नंतर बघू. ‘स्वतःच्या सहीवर सुटका’ असं लिहिलं तर? आणि दुसऱ्या प्रकाराला ‘जामीनदाराच्या सहीवर सुटका’. लांब आहे, पण विचारावं लागणार नाही.

जुना कारकून
नुसत्या सहीने भागत नाही. तारखेला आला नाही तर रक्कम भरायची जबाबदारी आहे. जामीनदारावर तर दंड बसतो, आणि तो भरला नाही, वसूलही झाला नाही तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. ‘सही’ म्हटलं की लोक समजतात, कुणाच्याही कागदावर ठोकून मोकळं व्हावं. मी असे जामीनदार पाहिलेत. ज्याची हमी घेतली तो परागंदा झाला, आणि नोटीस आली तेव्हा यांना आपण काय लिहून दिलं तेच आठवत नव्हतं. जामीनदाराला मधूनच अर्ज करून मोकळं होता येतं, हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सही नको, ‘हमी’ म्हणा.

नाखवा
हमी चांगला. ‘स्वतःच्या हमीवर’. पण आमच्याकडे हमी म्हटलं की सोसायटीचं कर्ज डोळ्यापुढे येतं.

कातळकोंड
मधेच विचारतो. ‘चॅप्टर’ म्हणतात तेही यातलंच ना? आमच्या गावात शिमग्याला पालखीच्या मानावरून दोन वाड्यांत तणाव झाला की पोलीस दोन्हीकडच्या पोरांवर ‘चॅप्टर केस’ करतात. मग तहसीलदारांपुढे जाऊन काहीतरी लिहून द्यावं लागतं. तो जामीनच का?

कोर्टाची पायरी
तो वेगळा प्रकार. तिथे गुन्हा झालेलाच नसतो, होऊ नये म्हणून शांतता राखायची हमी घेतात, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे, आता कलम १२६खाली (जुन्या संहितेत १०७), जास्तीत जास्त एक वर्षासाठी. जुन्या संहितेत ही कलमं आठव्या प्रकरणात होती म्हणून चॅप्टर. नव्या संहितेत ते प्रकरण नववं झालं, पण नाव तेच राहिलं.

जुना कारकून
मी वर फैलजामीन सांगितला तो हाच. वर्तणुकीची हमी. जुना शब्द गेला आणि त्याच्या जागी पोलीस ठाण्यातला इंग्रजी शब्द बसला. याची मला खंत वाटते.

शब्दखूळ
म्हणजे ‘तो लय चॅप्टर आहे’ हे इथूनच आलं! ज्याच्यावर चॅप्टर झाली तो चॅप्टर माणूस.

हर्णैची
आमच्या शाळेत चॅप्टर म्हणजे हुशारीने दुसऱ्याला फसवणारा पोरगा. त्याच्यावर पोलीस केस कशाला असेल? धड्यासारखा वाचून समजून घ्यावा लागतो तो चॅप्टर, असं आम्ही धरायचो.

शब्दखूळ
पोलिसांच्या यादीतला माणूस इरसालच असतो. अर्थ तिथून सरकला.

जुना कारकून
जामीन-जमीनसारखंच चाललंय हे. जुन्या कागदात वापर दाखवा, मग मानू.

वेळागर
पत्रक छापायला जायचंय. ‘स्वतःच्या हमीवर सुटका’ आणि ‘जामीनदाराच्या हमीवर सुटका’ एवढं पक्कं समजू का? कंसात जातमुचलका ठेवते, म्हणजे ऑर्डरमधला शब्द ओळखता येईल. कर्जाची शंका आहे, पण याहून बरं कुणी सुचवलेलं नाही.

देवगिरा
कंसात स्वबंधपत्रही द्या. एकदा तरी छापलं गेलं तर डोळ्यांना सवय होईल.

नाखवा
कंसात ‘सातबारा लागत नाही’ असं लिहा. बाकी काही नाही लिहिलं तरी चालेल.

कातळकोंड
कायदा बदलला तसं १०७चं १२६ झालं, पण यंदाही गावात सगळे ‘एकशे सात आली’ असंच म्हणत होते. ‘चारसोबीस’चं काय होणार? फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे म्हणतात.

शब्दखूळ
चारसोबीस आता आकडा राहिलेलाच नाही, विशेषण झालंय. त्याचा कलमाशी संबंध संपला.

जुना कारकून
संपला कसा? ठाण्यात लिहिताना आकडाच लागतो. यावर वेगळा धागा काढा, मी जुन्या वापराची उदाहरणं देतो.